फळ्यावरचं पत्र

मुंगीने जेवणाची ताटं टेबलाच्या कडेला सारली आणि दप्तरातून पाच माहितीपत्रकं काढून एकाशेजारी एक मांडली. लंगड्या कुत्र्यांचा निवारा, फिरतं वाचनालय, भाजलेल्या रुग्णांचं हॉस्पिटल, म्हाताऱ्यांचं घर. पाचवं ठेवताना तिने त्यावरून तळहात फिरवला.

"आणि ही आमच्या वर्गाची रडकी," ती म्हणाली. "सगळे हिलाच देणार आहेत."

मुंगीची आई ओले हात पुसत वाकली आणि तशीच वाकून राहिली.

फोटो काळापांढरा होता. सहा-सात वर्षांची मुलगी दगडी पायऱ्यांवर बसलेली, अनवाणी, फ्रॉकची शिवण खांद्यावर उसवलेली. डोळे भरलेले, तोंड अर्धं उघडं, आणि वरच्या ओळीतला एक दात कोपऱ्यावर तुटलेला. खाली जाड अक्षरांत छापलं होतं, 'ही आज उपाशी झोपणार का? तुम्ही ठरवा.' त्याखाली नाव होतं. नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. दात मात्र तिचा स्वतःचा होता.

दाताच्या बाबतीत तिची चूक होणं शक्य नव्हतं. बावीस वर्षं ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करत होती. दवाखान्यांतून ठसे यायचे, त्यावरून ती साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, बोळक्या तोंडांना हसू परत द्यायची. गल्लीत तिला कवळीवाली म्हणत आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. माणसाचा चेहरा ती विसरेल, दात विसरायची नाही. या तुटक्या दातावर तर तिने कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी, मालकांना विचारून, स्वतःच्या हाताने घडवलेली कॅप बसवून घेतली होती. लग्न त्यानंतरचं. या घरात तो दात कुणी बघितलाच नव्हता.

आणि उपाशी? उपाशी कसली! त्या दिवशी फोटोवाला येणार म्हणून सकाळीच सगळ्या मुलींना पोटभर जेवू घातलं होतं, कुणी कॅमेऱ्यासमोर भोवळ येऊन पडायला नको म्हणून. ती रडली होती चपलांसाठी. आदल्या दिवशी कुणा देणगीदार बाईंनी तिला लाल पट्ट्यांच्या नव्या कोऱ्या चपला दिल्या होत्या. रात्री ती त्या उशाशी घेऊन झोपली होती. फोटोवाला म्हणाला, चपला नकोत, चित्र बिघडतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे संस्थेच्या सर्वेसर्वा बाईंनी, त्या काढायला लावल्या. फोटो झाला की देते म्हणाल्या. फोटो झाल्यावर त्या कुठे गेल्या ते मोठ्या बाईंनाच माहीत. बत्तीस वर्षं झाली त्याला. संस्थेने तिच्या चपला घेतल्या त्या घेतल्या, रडूही ठेवून घेतलं होतं आणि अजून वापरत होती.

"आई, तुला कुठली आवडली?"

"कुत्र्यांची बरी वाटते," ती म्हणाली.

मुंगीने तिच्याकडे असं बघितलं की जणू आईने परीक्षेत साधं गणित चुकवलं. कुत्र्यांना कुणीही देईल, तिचं म्हणणं पडलं. वर्गाने नाही दिलं तर हिला कोण देणार?

मुंगी नऊ वर्षांची होती. दिसेल ते उचलून घरात साठवायची म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव तिला शाळेपर्यंत चिकटलं होतं. तिच्या वर्गबाईंनी यंदा नवं काढलं होतं. वर्गाने मिळून एक संस्था निवडायची आणि वर्षभर दर महिन्याला प्रत्येक घराने ठरलेली देणगी द्यायची. निवड पालकांसमोर होणार. एक घर, एक बिल्ला. ज्या संस्थेपुढे बिल्ले जास्त, तिला वर्गाची मदत. कल्पना चांगलीच होती, त्यात काही वाकडं नव्हतं. चांगल्या कल्पनांचं हेच वाईट असतं, त्यांच्याविरुद्ध बोलायला माणसाला तोंड राहत नाही.

एवढ्यात सासूबाई चष्मा शोधत आल्या आणि त्यांनी पत्रक उचललं. बघता बघता त्यांचे डोळे पाणावले. सासूबाई मनाने कोरड्या नव्हत्या. भिकाऱ्याला शिळं द्यायच्या नाहीत, ताजं द्यायच्या.

"काय गं बाई हे नशीब," त्या म्हणाल्या. "द्या हो, हिलाच द्या. असल्यांना लांबून जेवढं करता येईल तेवढं करावं."

लांबून हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला. पण सुनेला तो कुठे लागायचा तिथे लागला. त्यांच्या भाच्याला एकदा अशाच एका संस्थेत वाढलेली मुलगी सांगून आली होती. मुलगी शिकलेली, दिसायला छान, नोकरीला. सासूबाईंनी ते स्थळ दाराबाहेरूनच परत पाठवलं होतं. ना आगा ना पिछा, कुणाचं रक्त कोण जाणे, असं म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवत होती ती ही सूनच. सुनेला मावशीने वाढवलं, मावशी लग्नाआधी वारली, असं या घरात सगळ्यांना माहीत होतं. अशी मावशी कधी नव्हतीच. हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, आणि मावशीची कल्पना त्याचीच.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला तेव्हा तिने त्याला जिन्यातच गाठलं आणि पत्रक दाखवलं. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग त्याने अंगठ्याने त्या मुलीचा गाल पुसल्यासारखं केलं, आणि तिला वाटलं, आता हा काहीतरी बरं बोलेल.

"सांगून काय मिळणार आहे आता?" तो म्हणाला. "आईला धक्का बसेल. मुंगीच्या वर्गात चर्चा होईल. थोडे पैसे जातील महिन्याला. जाऊ देत."

त्याचं खोटं नव्हतं. पुढे तो असंही म्हणाला की बत्तीस वर्षांत तिथली माणसं बदलली असतील, कायदे बदलले, तपासण्या वाढल्या, कदाचित आता चांगलं चालत असेल. तिने मान हलवली. बुडत्याला हात मिळावा तशी ती त्या 'कदाचित'ला धरून वर गेली.

शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात पाच बाकांवर पाच संस्था मांडल्या होत्या. मुंगीने बिल्ला मुठीत असा आवळला होता की उघडला तेव्हा तळव्यावर त्याचा गोल उठलेला. सासूबाई हौसेने आल्या होत्या, नवऱ्याला सुट्टी नव्हती. चार संस्थांनी नुसती पत्रकं पाठवली होती. रडकीच्या संस्थेने माणूस पाठवला होता. पंचविशीची, स्वच्छ कपड्यांतली, मधाळ बोलणारी एक ताई. ती एकेका मुलाचं नाव विचारून लक्षात ठेवत होती.

वर्गबाईंनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, की बिल्ले ठेवण्याआधी कुणाला यातल्या एखाद्या संस्थेची स्वतःची माहिती असेल तर सांगा. बरी असो, वाईट असो. आपण डोळे मिटून देत नाही, पारखून देतो, हे मुलांना कळू दे.

इतकं सरळ मुंगीच्या आईला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत बसून ती पर्सची चेन उघडझाप करत राहिली. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मुंगी. तिने हात वर केला. केला म्हणजे खांद्यापर्यंत नेला.

"हा फोटो," ती म्हणाली, "फार जुना वाटतो."

ताई हसली. या प्रश्नाची तिला सवय असावी.

"जुनाच आहे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा. आज ती परदेशात डॉक्टर आहे."

सभागृहात हळहळ होती तिथे एकदम कौतुक पसरलं. सासूबाईंनी डोळे टिपले आणि सुनेच्या मांडीवर थोपटलं. बघ, कुठल्या कुठे पोचली पोरगी, त्या कुजबुजल्या. त्या डॉक्टरीणबाई मान खाली घालून पर्सची चेन लावत होत्या. त्यांच्या नखांत अजून साच्याच्या प्लास्टरचा पांढरा चुरा होता.

आत्ता उठावं, तोंड उघडावं आणि कॅप काढून दाखवावी, असं तिच्या मनात आलं. पण कॅप अशी काढता येत नाही. ती पक्की बसवलेली असते, तिनेच बसवून घेतली होती.

मग ताई मुलांकडे वळली. तुमच्या वर्गाने आम्हाला निवडलं, ती म्हणाली, तर तुमच्यातल्या प्रत्येकाला आमच्याकडची एक मैत्रीण मिळेल. तुम्ही तिला पत्र लिहायचं, ती तुम्हाला उत्तर लिहील. अगदी स्वतःच्या हाताने.

तेवढ्यावर सगळं ठरलं. मुंगी बिल्ला घेऊन पळाली. लंगड्या कुत्र्यांना तीन बिल्ले मिळाले, म्हाताऱ्यांना दोन, आणि बाकी सगळे रडकीपुढे पडले. मुंगीची आई मात्र पत्रांवरच अडकली होती. पत्रं अजून चालू होती तर.

तिच्या वेळी पत्रं महिन्याच्या शेवटच्या रविवारी असत. मोठ्या बाई फळ्यावर मजकूर लिहीत आणि तीस-पस्तीस मुली तो उतरवून काढत. मी येथे आनंदात आहे. आम्हाला रोज दूध मिळते. मोठ्या बाई आमच्यावर आईसारखी माया करतात. फळ्यावरचं उतरवून झालं की शेवटी एक ओळ मनाची लिहायची, म्हणजे पत्र खरं वाटतं. पण मनाची म्हणजे हवामान, झाडं, पक्षी असली. दूध दिसायचं ते पाहुण्यांच्या दिवशी, आणि माया कशाशी खातात हे तिला पुढे मुंगी झाल्यावर कळलं.

त्या मुलींत एक थोरली होती, चौदा-पंधरा वर्षांची. भोकांची युक्ती तिची. जे वाक्य खोटं, त्याचा पूर्णविराम देताना पेनाचं टोक असं दाबायचं की कागदाला भोक पडलं पाहिजे. खरं असेल तर साधं टिंब. मोठ्या बाई प्रत्येक पत्र चष्मा लावून वाचत, पण उजेडात धरून कधी बघत नसत. मुली बघत. पत्रं पाकिटात जाण्याआधी खिडकीशी नेऊन एकमेकींची भोकं बघायची आणि गालातल्या गालात हसायचं. पुढे थोरली गेली, युक्ती राहिली. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवत गेल्या, अंथरूण घालायला शिकवावं तसं.

एवढंच असतं तर तो पोरखेळ म्हणून सोडून देता आला असता. पण बाहेरून येणारी पत्रंही मुली उजेडात धरायच्या. त्यांत कधी एक भोक सापडलं नाही. त्यामुळे बाहेरची माणसं लिहितात ते सगळं खरं असतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. चपला देणाऱ्या बाईंनी पुढे लिहिलं होतं, मी तुला भेटायला नक्की येईन. भोक नव्हतं. ती दोन वर्षं त्या बाईंची वाट बघत होती, खोलीच्या खिडकीत, जिथून बसचा थांबा दिसायचा.

मुंगीचं पहिलं पत्र तिने वाचलं आणि वर्गबाईंकडे जाऊ दिलं. मुंगीने विचारलं होतं, तुला कुठला रंग आवडतो, तुलाही डॉक्टर व्हायचंय का. तिने त्यात एका शब्दाचा फरक केला नाही. आता सुधारलं असेल, हे ती मनाशी इतक्यांदा म्हणाली की महिनाभरात तिचा त्यावर विश्वास बसत आला होता.

उत्तर एका सोमवारी आलं. मुंगी शाळेतून धावतच घरात शिरली आणि आजीपुढे उभी राहून तिने पत्र खणखणीत वाचलं.

"प्रिय मैत्रिणीस. तुझे पत्र मिळाले. मी येथे आनंदात आहे. आम्हाला रोज दूध मिळते. मोठ्या बाई आमच्यावर आईसारखी माया करतात. मलाही डॉक्टर व्हायचे आहे. आमच्या खिडकीतून बसचा थांबा दिसतो."

सासूबाई म्हणाल्या, किती गुणी पोर, आणि किती वळणदार अक्षर. मुंगी ते अक्षर बघताना हरखून गेली होती. आई म्हणाली, बघू, आणि पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काहीही नव्हतं, तरी तिने बटण फिरवून बंद असल्याची खात्री केली. मग पत्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

आनंदात आहे, भोक. दूध मिळते, भोक. माया करतात, इथे तर टोक इतकं दाबलं होतं की कागद जरा फाटला होता. डॉक्टर व्हायचे आहे, भोक. दोनच वाक्यं शाबूत होती. पत्र मिळाल्याचं आणि बसच्या थांब्याचं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. बत्तीस वर्षं कुणी ना कुणी ती युक्ती पुढच्या मुलीला शिकवत आलं होतं, याचा अर्थ बत्तीस वर्षं तिची गरज होती. तिने मनात बांधलेलं 'आता सुधारलं असेल' असं कोसळलं की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तिला स्वतःची लाज वाटली. पायऱ्यांवर बसून रडताना वाटली होती त्याहून कितीतरी जास्त.

नवऱ्याला तिने भोकं दाखवली तेव्हा त्याने पत्र उलटसुलट करून बघितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. निनावी तक्रार कर, म्हणाला. काय लिहू, तिने विचारलं. कागदाला भोकं आहेत म्हणून? चौकशीला माणसं आली की आदल्या दिवशी चादरी बदलतात आणि दुधाचे ग्लास मांडतात, ते तिने स्वतः मांडले होते. भोकांचा अर्थ सांगायचा तर ज्याने भोकं पाडली त्यानेच सांगायला हवा, नावानिशी, समोर उभं राहून. हे दोघांनाही कळलं.

"आईला मी सांगतो हवं तर," तो म्हणाला. ते 'हवं तर' त्याने इतकं हळू म्हटलं की तिने नको म्हणावं हीच त्याची इच्छा होती हे कुणालाही कळलं असतं.

"मी वर्गबाईंशी बोलते," ती म्हणाली. "उद्या."

त्या रात्री पत्र मुंगीच्या दप्तरात परत ठेवून तिला झोपवताना आईला राहवलं नाही. आपण तुझ्या मैत्रिणीला सुट्टीत भेटायला जाऊ, ती म्हणाली, आणि तिच्यासाठी चपला घेऊ, लाल पट्ट्यांच्या. मुंगीने विचारलं, लालच का? तिने मुंगीचं पांघरूण सारखं केलं. पण त्या क्षणी ती खरंच जाणार होती, खरंच घेणार होती, त्यात खोट नव्हती.

मंगळवारी लॅबमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी तातडीने द्यायची होती, त्यांच्या नातीचं लग्न होतं. बुधवारी ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली. वर्गबाई मैदानात मुलांना रांगेत उभं करत होत्या. असल्या गोष्टी रांगेसमोर बोलायच्या नसतात, असं म्हणून ती परतली. गुरुवारी सासूबाईंचे गुडघे दुखत होते. एकेका दिवसाला एकेक कारण मिळत गेलं आणि प्रत्येक कारण अगदी खरं होतं.

शुक्रवारी ती कामावरून आली तेव्हा मुंगी टेबलाशी बसून चित्राला रंग देत होती. सासूबाई खुर्चीत उसवलेली उशी शिवत होत्या. दुपारचं ऊन टेबलावर सरळ आलं होतं. तिने चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली.

"आई, उत्तराला उत्तर गेलं पण," मुंगी म्हणाली. "आज ताई आल्या होत्या गठ्ठा न्यायला. आम्ही सगळ्यांनी वर्गातच लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"थांब, वाचून दाखवते."

पत्र तर गेलं होतं. मुंगीने दप्तरातून वही काढली. वहीतलंच पान फाडून तिने पत्र लिहिलं होतं, आणि खालच्या कोऱ्या पानावर अक्षरांचे वळ उठले होते. ते पान उन्हात तिरपं धरून, बोट फिरवत फिरवत ती वाचू लागली.

"प्रिय मैत्रिणीस. तुझे पत्र मिळाले. तू माझी सगळ्यात लाडकी मैत्रीण आहेस. मी तुला कधीच विसरणार नाही. सुट्टीत आम्ही तुला भेटायला येणार आहोत. माझी आई तुला लाल पट्ट्यांच्या चपला आणणार आहे. आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते."

"शहाणी गं माझी बाय," सासूबाई उशीवरून मान वर न करता म्हणाल्या.

मुंगीच्या आईची नजर पानावर होती. ओळींच्या शेवटी कागद खोल दबलेला होता. पहिल्या ओळीशी नाही. नंतरच्या ओळीशी होता, तिच्या पुढच्या ओळीशी होता. चपलांच्या ओळीशी तर टोक खालच्या पानातूनही आरपार गेलं होतं.

तिने बोट ठेवलं. बोटाला भोक लागलं.

"हे काय केलंस?"

"तिने केलंय ना तसं!" मुंगीचा चेहरा उजळला. ती याच प्रश्नाची वाट बघत होती. "तुझं लक्षच नाही, आई. तिच्या पत्रात वाक्य संपलं की इवलंसं भोक असतं. पत्र मिळाले आणि खिडकीच्या वाक्याला नसतं, बाकी सगळ्यांना असतं. मी मोजून तस्संच केलं. अगदी तिच्यासारखं. बाई म्हणत होत्या कागद फाटेल, पण मी सावकाश केलं."

सासूबाईंनी सुईत दोरा ओवायला चष्मा वर केला आणि सुनेकडे बघितलं. काय गं, एवढी पांढरी का पडलीस, त्यांनी विचारलं. उन्हातून आले, ती म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि मुंगीशेजारी बसली. ते पान तिने पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोटाने तपासलं. मुंगी खरंच चोख होती. एकही जागा चुकली नव्हती. त्या खिडकीत उभी राहून जी कुणी हे पत्र उजेडात धरणार होती, तिला मुंगीने पत्र मिळाल्याचं आणि समोरच्या भिंतीचं तेवढं खरं कळवलं होतं.

मुंगीने तांबडा खडू उचलला, ठेवला, आणि आईच्या दंडाला बिलगली.

"तिला कळेल ना गं, मी मुद्दाम केलीत ते?"

सासूबाई दोरा ओवता ओवता थांबून ऐकत होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग मुंगीकडे. वही मिटून तिने दप्तरात सरकवली आणि बंद लावला.

"कळेल," ती म्हणाली.